जावयाच्या मित्राचा तक्ता

कोणत्याही दोन माणसांत काय सारखं आहे ते शोधून काढायचं, ते त्यांच्या तोंडावर सांगायचं आणि दोघांनाही एकाच क्षणी आपले शत्रू करून घ्यायचं, हे ज्याला जमतं असा माणूस या पृथ्वीवर एकच असेल. तो नेमका माझ्या जावयाचा खोलीमित्र निघावा, हे माझं नशीब. माझा त्याच्यावर राग आहे, आणि तो गेलेला नाही हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याविषयी चार शब्द बरे बोललो, तर वाचणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये.

मी मूळचा सोलापूरचा. टॉवेल आणि चादरींची गाठोडी घेऊन जर्मनीत आलो, गावोगावच्या आठवडी बाजारात उभा राहून विकली, आणि आता ड्युसेलडॉर्फच्या कडेला माझं स्वतःचं गोदाम आहे. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी घासाघीस करून मिळवलेलं आहे. माझी मुलगी रेवती शिकायला डार्मश्टाटला गेली आणि तिथे तिने रत्नागिरीकडचा, डॉक्टरेट करणारा एक मुलगा पसंत केला. मुलगा चांगला. पण त्याच्याबरोबर हा मित्रही आला, एखाद्या मोठ्या खरेदीवर न मागता मिळणाऱ्या वस्तूसारखा.

हा मित्र विद्यापीठात प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशी ताडून पाहायचा. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं आणि फसलो. त्याने माझ्या हातातली बेकरीची कागदी पिशवी घेतली, पाव बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला, पिशवी फाडून सपाट केली आणि तिच्यावर चौकटी आखल्या. "काका, एक ओळ आडवी लिहायची, दुसरी उभी. दोन्हींत जे सारखं आहे ते उचलायचं. मधलं गाळलं तरी चालेल, पण क्रम मोडायचा नाही. आधीचं आधी, नंतरचं नंतर. असं उचलून जास्तीत जास्त लांब काय मिळतं ते काढायचं. प्रत्येक चौकटीत तिथपर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर लिहायचं, म्हणजे पुढच्या चौकटीला मागचं सगळं पुन्हा करावं लागत नाही." हे मला पटलं, कारण मीही कालचा हिशेब आज पुन्हा करत नाही. मग मी विचारलं, याचा पगार मिळतो का. तो म्हणाला, "जा, जा. मिळतो." हे जा म्हणजे जर्मन हो. मी थक्क झालो ते तिथून.

पण तो प्रथिनांवर थांबला असता तर माझी काही तक्रार नव्हती. त्याला दोन काहीही दिसलं की त्याची बोटं वळवळायची. डार्मश्टाटच्या मराठी मंडळींच्या दिवाळीत त्याची मारुतीराव आणि मालतीबाई या प्रतिष्ठित जोडप्याशी ओळख करून दिली. त्याने दोघांकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहिलं, कागदी रुमालावर झरझर आकडे भरले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या दोघांत जास्तीत जास्त माती सामाईक आहे." दोन्ही नावांतला मा घ्या, ती घ्या, मधलं गाळा; त्याच्या दृष्टीने तो अभिनंदनाचा प्रकार होता. मारुतीराव न जेवता निघून गेले. त्याच मंडळातल्या दोन बायकांचा आमटीवरून फार दिवसांचा अबोला होता. हा दोघींच्या स्वयंपाकघरात जाऊन शेजारी उभा राहिला आणि मग म्हणाला, "फोडणीपासून गुळापर्यंत तुमची आमटी एकच आहे. एकच पायरी वेगळी आहे, आणि ती दोघीही विसरता." अबोला त्याच दिवशी संपला. दोघी एकमेकींशी बोलू लागल्या, आणि दोघींनी मिळून याला जेवायला बोलावणं बंद केलं.

माझ्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट तर मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो. स्टेशनवरून घरी कसं यायचं ते मी त्याला फोनवर सांगितलं होतं, आणि जावयानेही सांगितलं होतं. मी ट्रामचा रस्ता सांगितला, जावयाने बसचा. कुठलाही शहाणा माणूस दोनातला एक धरेल. याने दोन्ही कागदावर उतरवून घेतले आणि त्यांतली दोघांनी सांगितलेली तेवढीच वळणं घेतली. जेवणं थंड होत होती तेव्हा त्याचा फोन आला. "काका, मी पोचलोय बहुतेक. इथे कोबी लावलाय." तो एका म्हाताऱ्या जर्मन माणसाच्या भाजीच्या वाफ्यात उभा होता. मी गाडी काढून गेलो तेव्हा तो म्हातारा कुदळ हातात धरून उभा होता आणि हा त्याला विचारत होता की शेजाऱ्याच्या आणि त्याच्या वाफ्यात भाज्या कोणत्या क्रमाने लावल्या आहेत. घरी आल्यावर मी त्याला झापलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "पण काका, तुमचं दोघांचं ज्यावर एकमत होतं ते चुकीचं कसं असेल?" माझ्या बायकोने त्याच्या पानात दुसरी पोळी वाढली. तिला तो पहिल्या दिवसापासून आवडला. मला नाही.

आता लग्नाकडे येतो. व्याही आणि विहीणबाई रत्नागिरीहून महिनाभर आधी येऊन मुलाच्या खोलीवर उतरले होते. व्याही निवृत्त शिक्षक. "आमच्यात असं नसतं" हे त्यांचं वाक्य. आमच्यात कन्यादान आधी, मग अंतरपाट धरून मंगलाष्टका. त्यांच्यात मंगलाष्टका आधी, कन्यादान नंतर. त्यांच्यात वराला दोनदा ओवाळतात, एकदा दारात आणि पाय धुऊन झाले की पुन्हा पाटावर, आमच्यात एकदाच. आमच्यात कानपिळी, त्यांच्यात नाही. मी म्हटलं, मुलीचा बाप मी आहे, माझ्या क्रमाने होईल. ते म्हणाले, "क्रम मोडून केलेलं कन्यादान आम्ही कन्यादान मानतच नाही." मीही तेच म्हणालो, फक्त जरा मोठ्या आवाजात. लग्न लावणारे गुरुजी म्हणजे उंटरश्लाइसहाइमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे आणि शनिवारी-रविवारी पौरोहित्य करणारे गृहस्थ. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "तुम्ही दोन्ही घरांनी मिळून एक क्रम पाठवा. मी तो तसाच्या तसा चालवतो. मध्ये भांडण नको, हॉल दुपारपर्यंतच आहे." हॉल एका गायनमंडळाचा होता आणि त्याचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा माणूस, हॉल दाखवतानाच तीन वेळा घड्याळ दाखवून चुकला होता.

तेव्हा जावई म्हणाला, "हे माझ्या मित्राकडे देऊ या." मी हो म्हणालो. दोन ओळी, एक तक्ता, दोन्ही घरांना आपापल्या क्रमात मान्य असलेलं जास्तीत जास्त लांब लग्न. कोबीचा वाफा माझ्या डोळ्यांसमोर यायला हवा होता, आला नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, चार निघाले."

"काय चार?"

"सगळ्यात लांब क्रम. चार प्रकारे होतो."

"याच्याहून लांब?"

"नाही होत."

"जरा ओढूनताणून?"

"नाही होत, काका."

मला धक्काच बसला. आयुष्यभर मी 'नाही होत' ऐकत आलोय, पण प्रत्येकाच्या मागे 'बघू' लपलेलं असतं. ते ऐकू येणं हाच माझा धंदा. याच्या 'नाही होत'च्या मागे काहीच नव्हतं, कोरी भिंत होती. पण चार प्रकार आहेत म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. जिथे चार प्रकार असतात तिथे सौदा असतो. मी तसाच व्याह्यांना फोन लावला. म्हटलं, "व्याहीबुवा, चार पर्याय आहेत. त्यातले कोणतेही दोन तुम्ही खोडा. उरलेल्या दोनातला एक मी निवडतो. आहे कबूल?" ते म्हणाले, "आणि जेवण?" मी म्हटलं, "जेवण सगळं तुमच्या पद्धतीचं." पुरणपोळी सोडली मी त्या वाक्यात. फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, शेवटचा शब्द माझा राहणार, बघ.

रविवारी सगळे आमच्या घरी जमले. मित्राने बेकरीच्या पिशव्या चिकटपट्टीने जोडून केलेला भला मोठा तक्ता जमिनीवर पसरला आणि चार क्रम वाचले. पहिल्या दोनांत कन्यादान नव्हतं. पुढच्या दोनांत मंगलाष्टका नव्हत्या. तो म्हणाला, "दोन्ही नाही बसत. यांच्यात जे आधी ते तुमच्यात नंतर. एक उचललं की दुसरं क्रमाबाहेर जातं." त्याच्या आवाजात जराही संकोच नव्हता. मंगलाष्टकांशिवाय लग्न किंवा कन्यादानाशिवाय लग्न, हे त्याने चहा की कॉफी असं विचारावं तसं विचारलं.

विहीणबाईंनी मुलासाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती आणि त्या रोज डार्मश्टाटच्या त्या खोलीत गळा साफ करून म्हणत होत्या, हे मला नंतर कळलं. व्याह्यांनी पेन्सिल घेतली, चष्मा नीट केला आणि मंगलाष्टका नसलेले दोन्ही क्रम खोडले. "हं. आता तुम्ही निवडा," ते म्हणाले.

मी उरलेले दोन वाचले. पुन्हा वाचले. "यांत फरक काय रे?"

"पहिल्यात ओवाळणं दारातलं आहे, काका. दुसऱ्यात पाटावरचं."

"पण दोन्हींत एकदाच ओवाळायचं ना?"

"हो. तुमच्याकडचं एक ओवाळणं त्यांच्या पहिल्याशी जुळतं किंवा त्यांच्या दुस..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले. त्याला असं मधेच थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तक्त्यावरून बोट फिरवत तो हळू आवाजात म्हणाला, "मी वाटा मोजल्या. क्रम मोजायचे होते. दोन वेगळ्या वाटांनी गेलं तरी तो एकच क्रम आहे. चार नाहीत. दोनच आहेत."

"म्हणजे आता मी काय निवडायचं? कन्यादानाशिवाय, किंवा कन्यादानाशिवाय?"

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर.

चिवड्याची ताटली मी टेबलावर अशी आपटली की शेंगदाणे विहीणबाईंच्या पदरापर्यंत गेले. व्याही अजिबात हलले नाहीत. "अहो, सौदा तुम्ही ठरवलात, मी फक्त पाळला. आणि स्टांडेसआम्टमध्ये, त्या विवाह नोंदणी कचेरीत, सह्या होणारच आहेत. मुलगी कायद्याने येतेच आहे आमच्याकडे." शिक्षक माणूस, आयुष्यभर मुलांना त्यांच्याच उत्तरात पकडत आलेला. रेवती म्हणाली, "पापा, लास एस," म्हणजे सोडून द्या आता. तिला वाटलं मी हरलो म्हणून चिडलोय.

तेवढ्यावर मी चिडलो असतो तर संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. दिलेला शब्द मी फिरवत नाही, तोटा झाला तरी. पण ही मुलगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा मी कुठल्याशा गावच्या बाजारात टॉवेलांच्या ढिगामागे उभा होतो. तिला शाळेत सोडायला आई, पोहायला न्यायला आई. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि मोठी झाली तेव्हा माझ्याशी जर्मन बोलायची, जे मला फक्त भाव करण्यापुरतं येतं. चारचौघांत तिचा हात हातात धरायचा माझ्या हक्काचा एकच क्षण या लग्नात होता. तो मी न बघता, फोनवर, पुरणपोळीसकट देऊन बसलो होतो, आणि तेही एका मुलाने तीच गोष्ट दोनदा मोजली म्हणून.

चार दिवसांनी तो गोदामात आला. डार्मश्टाटहून ड्युसेलडॉर्फपर्यंत फक्त माफी मागायला. मी त्याला बसही म्हटलं नाही. तो टॉवेलांच्या खोक्यांमध्ये उभा राहिला, एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात तपकिरी. म्हणाला, "काका, तुम्ही ओरडलात ते बरोबर होतं."

"मला कळतं बरोबर होतं ते. तुझं सर्टिफिकेट नको." मग माझा तोल गेला. "तुम्हा शिकलेल्यांना गाळायचंच गणित येतं का रे? दोन गिऱ्हाइकं दोन वेगळ्या याद्या घेऊन आली तर मी काय दोघांत सारखं असेल तेवढंच गाडीत भरतो? दुसऱ्या दिवशी दुकान बंद होईल. मी दोघांचंही निघेल असा माल भरतो, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून जे दोघांना चालतं ते एकदाच भरतो. तुझ्या तक्त्यात भरायचं गणित नाही का?"

मला वाटलं रडतो की काय. पण तो खाली बसला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या चांगल्या निर्यातीच्या खोक्यावर चौकटी आखू लागला. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तक्ता तोच आहे. उलट्या बाजूने वाचायचा. दोन्ही घरांचं सगळं, दोन्हींच्या क्रमात, आणि कमीत कमी लांब." मग मान वर करून, "काका, एकच गोष्ट दोनदा करावी लागते. एकतर मंगलाष्टका दोनदा, नाहीतर कन्यादान दोनदा. बाकी सगळं बसतं. कानपिळीसुद्धा."

"हे किती प्रकारे होतं ते सांगू नकोस," मी म्हणालो.

विहीणबाईंची अष्टकं दोनदा म्हणायची तर हाउसमाइस्टरने दिवे घालवले असते. म्हणजे कन्यादान दोनदा. मी व्याह्यांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "दोनदा? मधल्या वेळात मुलगी परत येणार आहे का तुमच्याकडे?"

"तुमच्यात नवरदेवाला दोनदा ओवाळतात, तो काय मधे घरी जाऊन येतो?"

"तसं नाही, पण..."

"तुमचं काही कमी होतंय का? मंगलाष्टकांनंतरचं कन्यादान तुमचं. त्याच्या आधीचं माझं. जे जास्तीचं वाटेल ते तुमचं नाही समजा."

त्यांनी गुरुजींना विचारायला सांगितलं. गुरुजी म्हणाले, "एकदाच करावं असं कुठे वाचलेलं मला तरी आठवत नाही. वेळेत बसतंय ना?" व्याही म्हणाले, "बघू." त्या एका शब्दासाठी मी त्यांना मनातल्या मनात मिठी मारली.

लग्न झालं. पहिलं कन्यादान मी माझ्या पद्धतीने उरकलं. डोळा दाराकडे, कारण हाउसमाइस्टर होमाच्या धास्तीने लाल अग्निशामक नळकांडं घेऊन तिथे येऊन उभा होता. बायको हातावर पाणी सोडत होती, मी गुरुजींच्या मागून भराभर शब्द म्हणत होतो, आणि माल पोचता करून पावती घ्यावी तसा मी मोकळा झालो. मुलीचा हात गरम होता की गार, विचाराल तर सांगता येणार नाही. मग अंतरपाट, विहीणबाईंची अष्टकं, खरोखरच सुंदर होती, अक्षता. आणि पुन्हा आम्ही चौघं समोरासमोर. रेवती हसून हळूच म्हणाली, "पापा, नॉख माल?" पुन्हा? मी मान हलवली. बायकोने पाणी सोडायला सुरुवात केली, आणि मला तो हात दिसला. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग होता. तो कधी झाला ते मला माहीत नव्हतं. मेंदीच्या बोटांनी माझं बोट धरलं होतं. मघाशीही धरलं असणार.

गुरुजी म्हणाले, "सोडा आता हात." मी ऐकलं नाही. "काका, सोडा," ते पुन्हा म्हणाले. व्याही खाकरले. तेवढ्यात हाउसमाइस्टर घड्याळावर बोट ठेवून पुढे यायला लागला. तेव्हा मी डोळ्यांच्या कडेने पाहिलं, जावयाचा मित्र त्याच्या आडवा गेला. हॉलच्या नियमांचा भिंतीवरचा कागद त्याने सरळ काढून उलटा केला, त्यावर चौकटी आखल्या आणि आपल्या संथ जर्मनमध्ये त्याला काहीतरी समजावू लागला. आल्झो, म्हणजे तर मग, हे आडवं लिहायचं, हे उभं. तो हाउसमाइस्टर अवाक होऊन ऐकत राहिला, नळकांडं छातीशी धरून. चौकटी संपत आल्या की हा आणखी आखायचा. कागद भरला तरी हा थांबेना. मी हात सोडेपर्यंत तो बोलत होता, आणि मी बराच वेळ सोडला नाही.

पुढे त्याची डॉक्टरेट झाली आणि तो कुठल्याशा लांबच्या विद्यापीठात गेला. जाताना घरी येऊन गेला म्हणे. मी बाजारात होतो. बायकोने त्याला डबा दिला. मी तर त्याच्यावर रागावलेलाच आहे. मुलगी एकदा दिली की बाप निदान दमून झोपी जातो. याने दुसऱ्यांदा द्यायला लावली आणि तेव्हा कुठे मला कळलं की आपण काय देतोय. आता रेवती सुट्टीला आली की तिला स्टेशनवर सोडायला मीच जातो, बायकोला जाऊ देत नाही. डब्याच्या दारात तिची बॅग वर देताना माझ्या मुठीतून पट्टा लवकर सुटत नाही, आणि गाडी निघून गेल्यावरही मी फलाटावर उभा असतो. अशा वेळी वाटतं, तो पोरगा शेजारी असता तर त्याला चांगला झापला असता, आणि मग घरी जेवायला घेऊन गेलो असतो.